उलटे बूट

थंड हवेचं मशीन पुन्हा बंद पडलं त्या दिवशी बाहेर असा वारा सुटला होता की तोंड उघडलं तरी दातांखाली वाळू यायची. आत अळंबीच्या खोल्यांमध्ये ओल्या कंपोस्टाचा वास दाटला आणि फळ्यांवरच्या अळंब्या भराभर फुगायला लागल्या. गारव्यात जी अळंबी मूठ मिटल्यासारखी शहाण्यासारखी बसते, ती उकाड्यात एका दुपारीत टोपी उघडून मोकळी होते. टोपी उघडलेल्या अळंबीला बाजारात कुत्रं विचारत नाही. त्यामुळे मशीन बंद पडलं की पहिला जीव टांगणीला लागायचा तो सुपरवायझरबाईचा.

त्यात मांडणीवर दोन जोड बूट उलटे दिसले.

शेडच्या दाराशी एक लोखंडी मांडणी होती. सकाळी येऊन बायका आपल्या चपला तिच्यावर ठेवायच्या, रबरी बूट चढवायच्या, दारातल्या औषधाच्या पांढऱ्या पाण्यात पाय बुडवायच्या आणि आत जायच्या. संध्याकाळी बूट मांडणीवर, चपला पायात. ज्याची त्याची जागा ठरलेली. काम सोडायचं असेल तर तोंडाने कोणी सांगत नसे. सांगायला गेलं की साहेब शंभर प्रश्न विचारणार, शेवटी वर चार शब्द ऐकवणार. त्यापेक्षा जाताना बूट नळाखाली धुवायचे आणि मांडणीवर उलटे ठेवायचे, तळवे वर करून. सकाळी येणाऱ्यांना ते दिसायचं आणि जे कळायचं ते कळायचं. ही रीत कोणी पाडली ते कुणालाच माहीत नव्हतं, पण ती मोडलेलीही कुणी पाहिली नव्हती.

आजचे उलटे बूट दोघी बहिणींचे होते.

"गेल्या वाटतं," साहेब मांडणीसमोर उभे राहून म्हणाले. साहेबांचा आवाज कधी चढत नसे. ते हळू बोलायचे आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायचे. "हे काय चाललंय? जुनी सुपरवायझरबाई होती तोपर्यंत या मांडणीवर वर्षात एखादा बूट उलटा व्हायचा. आता बघावं तेव्हा तळवे."

"उकाड्यामुळे जातायत, साहेब," सुपरवायझरबाई म्हणाली.

"उकाडा जुन्या बाईच्या वेळीही होता." साहेबांनी रुमालाने मान पुसली. "हे बघ, मला भांडण नको. असंच चाललं तर मी ठेकेदाराची माणसं आणीन. त्यांचा मुकादम त्यांच्याबरोबर येतो. आणि मुकादम म्हटलं की त्याला राहायला घर लागणार. मागचं घर."

एवढं बोलून ते मशीनवाल्याला फोन करायला गेले.

मागचं घर म्हणजे शेडच्या पाठीमागच्या पक्क्या दोन खोल्या. छप्पर घट्ट, दाराला कडी, आणि स्वयंपाकाच्या ओट्याजवळ नळ. सुपरवायझर होईल त्याला ते मिळायचं. त्याआधी सुपरवायझरबाईचं कुटुंब ओढ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीत राहायचं. तिथे पाणी वाढलं की अंथरूण डोक्यावर घेऊन रस्त्यावर उभं राहायला लागायचं. सासू, मुलगा आणि सून अशी तिघंच माणसं. तिघंही याच कामावर. मुलगा कंपोस्टाच्या आवारात पेंढा आणि कोंबडखत उलटंपालटं करायचा, सासू आणि सून आत तोडणीला.

सासू शेडमधली सगळ्यात जुनी तोडणारी. सगळ्या तिला मावशी म्हणत. तिचा हात असा की अळंबी धरली, जरा पिळली आणि उचलली की शेजारचीला धक्कासुद्धा लागायचा नाही. मोठी आधी काढायची, लहानांना जागा करून द्यायची. रात्रीत त्या दुप्पट होतात. ही अक्कल नव्या बायकांना तिनेच दिली, सुनेलाही. सून लग्न होऊन आली तेव्हा मूठभर घेऊन उपटायची. "अगं, केस उपटतेस का कुणाचे?" सासू म्हणायची, आणि सगळी खोली हसायची.

जुनी सुपरवायझर लेकीकडे कायमची राहायला गेली तेव्हा साहेबांनी पद सुनेला दिलं. तिचं अक्षर चांगलं होतं आणि आकडे चुकत नव्हते. ती घाबरली होती. सासूनेच तिला पुढे ढकललं.

"घे गं. असं घर पुन्हा कोण देणार आहे आपल्याला? मी आहे ना तुझ्या पाठीशी. मी शेडमध्ये असेपर्यंत एक बाई हलायची नाही, बघ."

आणि ते खरंच होतं. बायका थांबल्या होत्या त्या मावशीकडे बघून.

जुनी बाई शिव्या घालायची. अशा शिव्या, की नव्या पोरींचे कान लाल व्हायचे. पण कुणाचं डोकं चढलं, कुणाची पाठ धरली, की ती स्वतः सुरी घेऊन तिच्या फळीवर चढायची आणि तिथूनही शिव्याच द्यायची. संध्याकाळी बायका तिच्या शिव्यांची नक्कल करत घरी जायच्या. नवीन बाईने आयुष्यात कुणाला शिवी दिली नव्हती. तिचं बोलणं स्वच्छ, वेळच्या वेळी आणि नियमाने. बोलू नका. फळीला टेकू नका. पाणी प्यायला एकेकीने जा. हसरी म्हणून एक होती, तिला कशानेही हसू फुटायचं. तिला हिने सगळ्यांसमोर विचारलं, "कशाला हसलात ते मलाही सांगा." हसरीला सांगता येईना. त्या दिवसापासून तिचं हसू गेलं आणि पुढच्या आठवड्यात ती स्वतःही गेली. बूट उलटे.

ही वाईट नव्हती हो. भित्री होती. भित्र्या माणसाच्या हाती छडी दिली की तो ती खाली ठेवायलाही घाबरतो.

आणि सगळ्यात जास्त भीती तिला एका गोष्टीची होती. आपल्या घरच्या माणसाला आपण सांभाळून घेतो, असं कोणी म्हणू नये. त्यामुळे जिथे दुसरीला एकदा बोलायचं तिथे ती सासूला दोनदा बोलायची. शेडमध्ये ती तिला आई म्हणत नसे, बाकीच्यांसारखी मावशीच म्हणायची. सासूने सुरुवातीला त्याची मजा केली. "काय हो बाई, पाणी पिऊन येऊ का?" असं हात जोडून विचारायची आणि डोळा मारायची. बायका पदर तोंडाला लावायच्या. सुनेला तो डोळा कधी दिसला नाही. तिला बायकांचे पदर दिसायचे. मग हळूहळू सासूचं डोळा मारणं बंद झालं. 'हो बाई' आणि 'बरं बाई' एवढंच राहिलं.

त्यातच सासूचे बूट फाटले. उजव्याला टाचेशी चीर गेली. दारातलं औषधाचं पाणी आत शिरायचं, दिवसभर पाऊल त्यात भिजायचं, आणि संध्याकाळी बूट काढला की कातडी पांढरी पडून सोलवटलेली असायची.

"नवे बूट आलेत म्हणे स्टोअरला," सासूने घरात, भाजी चिरता चिरता विषय काढला.

"आलेत."

"एक जोड मिळेल का?"

सून ताटं पुसत होती. शेडमधल्या एका उंच पोरीला सगळ्या उंचीच म्हणत, तिचं नाव तिने पुढे केलं. "आई, उंचीचे बूटही फाटलेत. आधी तुम्हाला दिले तर त्या काय म्हणतील? उंचीला देते, मग तुम्हाला."

"दे की उंचीला. ती पोर दिवसभर वरच्या फळीवर चढ-उतर करते."

उंचीला बूट मिळाले. मग आणखी एकीला मिळाले. सासूची पाळी काही आली नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी असायचंच, जिला आधी दिल्याशिवाय बाई निःपक्षपाती ठरत नव्हती. सासूने मग दुसऱ्यांदा विचारलं नाही. चिरेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. तो दोन दिवसांत निघाला.

मुलगा हे सगळं बघत होता असं म्हणावं, तर त्याचं लक्ष कधी कुठे असायचं हेच कुणाला कळत नसे. खताच्या वासाने त्याचं नाक मेलं होतं आणि घरात आल्यावर कानही मरायचे. "तुम्ही दोघी बघून घ्या," एवढं एक वाक्य त्याला येत होतं आणि ते तो जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा वापरायचा.

बहिणी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी उकाडा आणखी वाढला. मशीनवाला येऊन मशीनचं पोट उघडून गेला होता आणि सामान आणतो म्हणून जो गेला तो गेलाच. बायका कमी, अळंब्या जास्त. डोक्याला लावलेल्या बॅटऱ्यांच्या उजेडात फळ्याच्या फळ्या पांढऱ्या दिसत होत्या. साहेबांनी दोनदा दार उघडून नुसतं आत बघितलं. प्रत्येक वेळी ते गेले की सुपरवायझरबाई उघडलेल्या टोप्या नव्याने मोजायची.

दुपारी ती शेवटच्या खोलीत शिरली तेव्हा सासू क्रेटवर बसली होती. एक बूट काढलेला, पाऊल मांडीवर, आणि अंगठ्याने टाच दाबत होती. खोलीत उंची होती, आणखी तिघीजणी होत्या. फळीवर चार अळंब्यांच्या टोप्या उघडलेल्या.

सून दारात थांबली. तिला पाऊल दिसलं. सोललेलं, आणि टाचेपाशी लाल. तिला ते दिसलं, हे खोटं नाही. पण मागच्या बोळात साहेबांच्या चपलांचा आवाज येत होता.

"मावशी, हे काय?"

"जरा टेकले हो बाई. आता उठतेच."

"टेकायचं असेल तर घरी टेका. फळीवर टोप्या उघडतायत आणि तुम्ही बसून पाय चोळताय? तुम्हाला वेगळा नियम आहे का?"

"नाही बाई."

"मग आज उरलेला वेळ क्रेट धुवा. तोडणी दुसरी कोणी करेल."

उंचीची सुरी हातातच थांबली. क्रेट धुवायचं काम नव्या माणसाचं, ज्याला अजून सुरी धरता येत नाही त्याचं. मावशीच्या हाताखाली शिकलेल्या बायकांना मावशी क्रेट धुताना बघवली नसती. उंची म्हणाली, "बाई, मी धुते. मावशींचा हात लागतो इथे."

"मी तुम्हाला विचारलं नाही."

साहेब दारात येऊन उभे होते. त्यांनी मान हलवली, जरा समाधानाने हलवल्यासारखी. सुनेच्या छातीतलं ओझं थोडं उतरलं. त्याची तिला त्याच क्षणी लाजही वाटली.

सासूने बूट चढवला. दुखलं असणार, तोंड वाकडं झालं. "बरं बाई," म्हणाली आणि बाहेर उन्हात गेली. दिवस कलेपर्यंत ती नळाखाली क्रेट धूत होती. वाऱ्याने वाळू यायची आणि धुतलेल्या क्रेटला चिकटायची. ती पुन्हा धुवायची. दोन्ही बूट पाण्याने काठोकाठ भरले होते. चालताना त्यातून असा आवाज यायचा की मुलगा आवारातून जाताना थबकला. आईकडे बघितलं आणि म्हणाला, "आज इकडे?"

"आज इकडे," आई म्हणाली.

तो पुढे गेला.

त्या संध्याकाळी घरात सुनेने दोनदा तोंड उघडलं, पण पहिल्यांदा नवरा खोकला आणि दुसऱ्यांदा सासू झोपायला वळली.

सकाळी सून उशिरा शेडवर पोचली, कारण साहेबांनी तिला आधी ऑफिसात बोलावून घेतलं. ठेकेदाराचा माणूस येऊन बसला होता, खुर्चीत पाय पसरून. साहेबांनी ओळख करून दिली नाही. "चला, शेड दाखवतो," म्हणून ते त्याला घेऊन निघाले आणि ही मागोमाग. दाराशी क्रेट मोजायला उंची आणि दोघीतिघी उभ्या होत्या.

मांडणीवर मावशीच्या जागेवर मावशीचे बूट होते. धुतलेले, उलटे. शेजारी चपला नव्हत्या.

सुनेने मांडणीवर दुसरीकडे कुठे त्या चपला दिसतात का ते बघितलं.

"हे कुणाचे?" साहेबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"मावशींचे."

"म्हणजे तुझ्या सासूचे?" ते ठेकेदाराच्या माणसाकडे वळले. "बघा. घरचं माणूस टिकत नाही हिच्या हाताखाली, बाहेरची काय टिकणार."

तो माणूस हसला. सुनेला आधी रडू येतंय असं वाटलं, पण आला तो राग. रात्री एका छपराखाली झोपली, सकाळी आपल्याच चुलीवरचा चहा प्यायली आणि एक शब्द न बोलता, चारचौघांसारखी, चारचौघांच्या रीतीने आपल्याला सोडून गेली. तेही आजच. मी असेपर्यंत एक बाई हलायची नाही, असं म्हणणारी.

"गेल्या तर जाऊ द्या, साहेब," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःला ओळखू येईना. "कुणाच्या जाण्याने शेड बंद पडत नाही. आणि अर्धा वेळ तर बसूनच असायच्या. बरं झालं."

तिने बूट उचलले, दोन पावलं चालली आणि नळाजवळच्या भंगारावर टाकले. चीर गेलेला बूट उसळून गटाराच्या कडेला पडला.

"बाई," उंची म्हणाली. "बाई, अहो—"

"काय बाई? तुम्हालाही जायचंय का?"

शेवटच्या खोलीचं दार उघडलं. आधी ढकलगाडी बाहेर आली, वर तुडुंब भरलेले क्रेट. सगळ्या अळंब्या मिटलेल्या, एका मापाच्या, देठ सरळ कापलेले. मागे मावशी. डोक्यावरची बॅटरी अजून चालू होती. पायात स्वतःच्या चपला होत्या आणि त्यांच्यावरून घोट्यापर्यंत प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने बांधलेल्या. ती दिवस उजाडायच्या आधीच कामाला आली होती. उकाड्यात सकाळचीच वेळ तेवढी चांगली म्हणून. काल पाण्याने भरलेले बूट निथळावेत म्हणून तिने ते उलटे ठेवले होते.

क्रेट मोजणारे हात थांबले. वारा तेवढा चालू होता.

मावशीने मांडणीकडे बघितलं, मग भंगाराकडे. तिने सगळं ऐकलं होतं की शेवटचंच, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नसतं.

"मी कुठे जाणार होते गं?" ती म्हणाली. शेडमध्ये कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून 'गं' निघालं. "माझं घर इथे आहे. निथळायला ठेवले होते मी. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचे असते तर गोष्ट वेगळी. माझे बघून कुणाला तसं वाटेल, असं मनातसुद्धा आलं नाही माझ्या."

एवढ्यावर सुनेने पुढे होऊन तिचा हात धरला असता तरी चाललं असतं. काही बोलली नसती तरी चाललं असतं. पण साहेब तिच्या कपाळाकडे बघत होते, ठेकेदाराचा माणूस बघत होता, बायका बघत होत्या. तोंडाला जी सवय लागली होती तेच तोंडातून बाहेर आलं.

"चपला घालून आत जायचं नसतं, मावशी. बाहेरची घाण आत जाते. नियम आहे."

मावशीने डोक्यावरची बॅटरी बंद केली.

"हो बाई," ती म्हणाली. "चुकलं माझं."

मग ती भंगारापर्यंत गेली. वाकली, एक बूट उचलला, गटाराच्या कडेचा दुसरा उचलला. नळाखाली धरून धुतला. तिथेच दगडावर बसून सुतळी सोडली, पिशव्यांची घडी घातली आणि ओले बूट पायात घातले. उंचीने तोंड फिरवलं. मावशी पांढऱ्या पाण्यात पाय बुडवून पुन्हा आत गेली.

त्या दिवसभर कोणी बोललं नाही. नियम पूर्ण पाळला गेला.

संध्याकाळी सून स्टोअरच्या दारात जाऊन उभी राहिली. स्टोअरवाला म्हणाला, साहेबांना विचारा. ती साहेबांकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने साहेबांच्या टेबलावर हात ठेवला.

"मला एक जोड बूट हवेत. माझ्या सासूला."

"पाळी आहे का तिची?"

"पाळी कधीच होऊन गेली. मी दिले नाहीत."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, या वेळी कपाळाकडे नाही. "एवढंसं होतं, तर आधी का नाही मागितलेस? मी कधी नाही म्हटलं होतं?"

हे मात्र खरं होतं. नाही कुणी म्हटलंच नव्हतं. ती बूट छातीशी धरून घरापर्यंत आली आणि वाटेभर तेच वाक्य तिला चावत राहिलं.

सासू ओट्याशी होती. सुनेने बूट तिच्या अंथरुणाशी नीट जोडून ठेवले. मग गरम पाणी केलं, पातेलं घेऊन आली आणि खाली बसली.

"आई, पाय दाखवा."

"राहू दे."

"दाखवा ना."

सासूने पाय पुढे केला. सुनेने तो पाण्यात धरला, कपड्याने टिपला, टाचेला मलम लावलं. कातडी बोटाला लागताच हलत होती. ती रडायला लागली, आणि नाकाने आवाज करत रडली. "मी असं नको होतं करायला. माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं, आई. मला वाटलं, तुम्हीपण गेलात."

"हं," सासू म्हणाली. तिने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, पण जड नाही ठेवला. मग एक बूट हातात घेतला, रबर दाबून बघितलं, आतून हात फिरवला. "माप बरोबर आणलंस."

"उद्या घालाल ना?"

"चांगले आहेत," सासू म्हणाली. "जेव आता."

मुलगा जेवत होता. तो म्हणाला, "झालं ना मग? मिटलं." त्या रात्री सुनेला गाढ झोप लागली. फार दिवसांनी.

सकाळी उठली तर सासूचं अंथरूण गुंडाळलेलं होतं आणि बूट जागेवर नव्हते. सुनेला बरं वाटलं. घालून गेल्या, तिच्या मनात आलं. तिने चहा घेतला, केस बांधले आणि शेडकडे निघाली. वारा पडला होता. मशीन कसंतरी दुरुस्त होऊन चालू झालं होतं, त्याची घरघर लांबूनच ऐकू येत होती.

मांडणीवर नवे बूट होते. मावशीच्या जागेवर, उलटे. एकदाही न घातलेले, तरी धुतलेले. तळव्यांच्या खाचांत पाण्याचे थेंब होते. शेजारी उंचीचे, तेही नवेच, उलटे. त्याच्या शेजारी आणखी एक जोड. खालच्या ओळीत सगळे. मांडणीभर नुसते तळवे.

पलीकडे, नदीपल्याड, टोमॅटोची निवड करणारं मोठं गोदाम होतं. त्यांची गाडी सकाळी फाट्यावरून बायका भरून न्यायची, हे सगळ्यांना माहीत होतं. तिकडे काम वाईट होतं. बसायला जागा नव्हती, आणि फाट्यापर्यंत चालत जायला लागायचं.

साहेबांच्या गाडीचा आवाज आला.

तिने काय केलं ते तिचं तिलाच नंतर सांगता आलं नसतं. तिने बूट सरळ करायला सुरुवात केली. वरची ओळ, मग खालची. हात भराभर चालत होते. थेंब मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होते. शेवटी मावशीचे उरले. तेही तिने सरळ केले, जोडून ठेवले, आणि हात पदराला पुसून वळली.

साहेब उतरले. त्यांनी मांडणीकडे बघितलं. सगळे बूट आपापल्या जागी, उभे.

"सगळ्या येतायत ना आज?"

"येतायत, साहेब."

"बरं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "फाट्यावर ती टोमॅटोवाल्यांची गाडी भेटली मला. तुझी सासू होती पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. चढताना बघितलं, पायात नुसत्या चपला. मागून कुणीतरी काहीतरी बोललं बहुतेक." त्यांनी चष्मा लावला. "मनापासून हसत होती बाई."

ते ऑफिसकडे वळले. ठेकेदाराला फोन करायचा होता. घराचं ते बोलले नाहीत, आणि तिनेही विचारलं नाही. सासू संध्याकाळी त्याच घरात परतणार होती, त्याच ओट्याशी उभी राहणार होती, 'जेव आता' म्हणणार होती. भांडणार नव्हती. तिथून कुठे जायचं ते मग तिघांनी मिळून ठरवायचं होतं.

सुपरवायझरबाईने बूट चढवले, पांढऱ्या पाण्यात पाय बुडवले आणि शेवटच्या खोलीत गेली. खोली गार झाली होती. मावशीने काल जिथून मोठ्या काढून लहानांना जागा करून दिली होती, तिथल्या सगळ्या रात्रीत एकदम तयार होऊन बसल्या होत्या. मिटलेल्या, पांढऱ्या, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिने बॅटरी लावली, सुरी घेतली आणि पहिली अळंबी धरून पिळली. हात घाईत होता. शेजारच्या दोन मुळासकट उपटून आल्या.